एन.डी.ए.त गेलेल्या मुलाची आई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. 1974 साली मी मंडळात आले, तेव्हापासून माझे काम म्हणजे दिवाळीच्या फराळाचा हिशेब ठेवणे आणि भजनाला मागे बसून टाळ वाजविणे. पण यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काकू, दर वर्षी बाहेरून कोणी पाहुण्या येतात आणि आपल्याला सकस आहार सांगून जातात. या वेळी आपल्यातलेच कोणी बोलू दे. तुमचा मुलगा लष्करात कर्नल होता, त्यावर बोला." मी हो म्हटले. त्या फाटकाबाहेर गेल्यावर माझ्या ध्यानात आले की आपल्याला पहिल्याच वाक्यात एक दुरुस्ती करावी लागणार आहे. माझा मुलगा कर्नल नव्हता. तो लेफ्टनंट कर्नल होता. बोलताना लोक दोघांनाही कर्नलसाहेबच म्हणतात, लष्करातही तशीच रीत आहे, आणि त्या रीतीच्या आडोशाला मी बारा वर्षे उभी राहिले.

ही दुरुस्ती मी आज मुद्दाम करीत आहे. त्याचे कारण आपल्याच आळीतली एक मुलगी. बारावीला आहे. पहाटे पाचला तिच्या बुटांचा आवाज माझ्या खिडकीखालून जातो. तिची आई गणपतीत मला विचारीत होती, "काकू, ही एन.डी.ए.त गेली, तर पुढे कुठपर्यंत जाईल हो?" मी तेव्हा "चांगलीच वर जाईल की!" असे म्हणून तिच्या हातावर मोदक ठेवला. नंतर रात्रभर मला चैन पडेना. प्रश्न खरा होता आणि मी त्याला मोदक दिला होता.

आपण साताऱ्याची माणसे. सैन्य आपल्याला नवे नाही. आपल्या जिल्ह्यातले अपशिंगे गाव पाहा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, त्यांचे स्मारक तिथे उभे आहे. घरटी एक माणूस पलटणीत, अशी ती गावे. पण आपल्याकडे सैन्य म्हणजे जवान. अधिकारी व्हायचा रस्ता वेगळा असतो, हे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊकच नव्हते. 23 जून 1961 रोजी देशातली पहिली सैनिक शाळा आपल्या साताऱ्यात निघाली ती याचसाठी, की साध्या घरातल्या मुलांनी अधिकारी व्हावे. आमचा थोरला त्याच शाळेत गेला. आमचे हे एस.टी.त हिशेबनीस होते. मुलाने बँकेत लागावे एवढीच त्यांची उडी. तो दहावीत असताना म्हणाला, "मी एन.डी.ए.ची परीक्षा देणार." तेव्हा हे मला म्हणाले, "देऊ दे. होत नाही ते."

ते "होत नाही" असे का म्हणाले तेही सांगते. केंद्रीय लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. अर्ज लाखांनी येतात आणि एका वेळच्या जागा साधारण चारशे. गणिताला 300 गुण, सामान्य ज्ञान व इंग्रजीला मिळून 600. ते पार पडले की एस.एस.बी. म्हणून पाच दिवसांची मुलाखत, तिचे एकटीचे 900. आमच्या मुलाला भोपाळला बोलावले होते. एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. एक शब्द दाखवून पटकन मनात येईल ते वाक्य लिहायला सांगतात. दोऱ्या, फळ्या आणि पिंपे देऊन, जमिनीला पाय न लावता आठ-दहा जणांनी ओझे पलीकडे न्यायचे असते. पाठांतर करणाऱ्याचे तिथे काही चालत नाही. कितीतरी मुले पहिल्याच दिवशी दुपारी पेटी उचलून परत निघतात. आमचाही पहिल्या खेपेला परतला. स्टेशनवर उतरला तेव्हा त्याचे तोंड एवढेसे झाले होते, आणि मी रस्ताभर त्याला एकच विचारीत राहिले की शेजारी काय सांगायचे. पाहा, माझी खोड किती जुनी! दुसऱ्या खेपेला झाला. 1988 साली, सतरा वर्षांचा असताना, तो खडकवासल्याला दाखल झाला.

खडकवासल्याची ही प्रबोधिनी आपण सिंहगडावरून पाहिली असेल, धरणाच्या पाण्याकाठचा तो मोठा घुमट. त्या इमारतीचे नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात आपले जवान सुदानच्या रक्षणासाठी लढले, त्यांच्या आठवणीसाठी सुदानने एक लाख पौंडांची देणगी दिली, म्हणून हे नाव. 6 ऑक्टोबर 1949 रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली आणि 1955 च्या जानेवारीत प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिघांची मुले एका छताखाली तीन वर्षे शिकतात. नंतर एक वर्ष आपापल्या दलाच्या संस्थेत: भूदलाची मुले देहरादूनला, हवाई दलाची दुंडीगलला, नौदलाची केरळात एळिमलाला. खडकवासल्याचे शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, औषधपाणी सारे सरकारचे. हातखर्च तेवढा घरून पाठवायचा. शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. हिशेबनिसाच्या घराला याहून काय हवे?

पहिल्या सुटीत तो घरी आला तेव्हा दारातून स्वयंपाकघरापर्यंत धावत आला. मला वाटले काही झाले. तर म्हणे तिथे पहिल्या वर्षाच्या मुलाने चालायचेच नाही, धावायचे. कोपरे सोललेले, गुडघे सोललेले. "रगडा" हा शब्द मी त्याच्याकडून शिकले. रात्री बाराला उठवून मैदानात कोलांट्या मारायला लावतात, त्याला रगडा म्हणायचे. पुढे तोरण्याच्या मुलखातला त्यांचा डोंगरातला कॅम्प, पाठीवर ओझे घेऊन सिंहगडावर धावत जाणे, हे सारे तो हसत सांगे आणि मी पदराने डोळे पुसत ऐके. ह्यांनी मात्र दर महिन्याच्या दोन तारखेला मनिऑर्डर केली आणि पावत्या जपून ठेवल्या. त्या अजून पेटीत आहेत.

1992 साली देहरादूनला त्याच्या दोन्ही खांद्यांवर आम्ही दोघांनी एकेक तारा लावला. तेव्हा सेकंड लेफ्टनंटचा एकच तारा असे, आता मुले थेट लेफ्टनंट होतात आणि दोन तारे मिळतात. तारा लावताना ह्यांचे हात इतके थरथरत होते की शेवटी मुलानेच हळूच धरून बसविला. परत आल्यावर आपल्या मंडळाने माझी खणा-नारळाने ओटी भरली. आज इथे बसलेल्यांपैकी दोघी-तिघी त्या वेळी होत्या. सत्कार ह्यांचा नाही, मुलाचा नाही, माझा झाला. त्या दिवसापासून मी बाजारात निघाले की भाजीवाली वाकून विचारी, "साहेबांच्या आई, काय देऊ?" खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडे.

आता या नोकरीची प्रतिष्ठा आणि पुढची वाट, हे नीट सांगते, कारण याविषयी आपल्यात बरेच गैरसमज आहेत.

एक गैरसमज असा, की "आता चार वर्षांतच घरी पाठवतात." ती अग्निपथ योजना. ती 2022 साली आली आणि ती जवानांसाठी आहे. त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवायचे असा नियम झाला. एन.डी.ए.तून जाणारा अधिकारी कायम नोकरीचा असतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेफ्टनंटचे मूळ वेतन 56,100 रुपये, त्यावर लष्करी सेवेचे म्हणून महिना 15,500 आणि इतर भत्ते. निवृत्तिवेतनही शाबूत राहिले आहे. 2004 पासून भरती झालेल्या इतर सरकारी नोकरांना जी नवी पद्धत लागली, तीतून सैन्याला वगळले होते. आणि कॅन्टीन! लष्करातल्या माणसाचे सर्वांत जास्त नातेवाईक कॅन्टीनमुळे होतात.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे, आणि तो माझाही होता: एन.डी.ए.त गेला म्हणजे जनरल होणारच. आपल्याला नावे ऐकू येतात ती मोठ्यांची. पुण्याचे जनरल नरवणे, नागपूरचे जनरल मनोज पांडे भूदलाचे प्रमुख झाले. आपल्या नांदेड जिल्ह्यातले चौधरी हवाई दलाचे प्रमुख झाले. 2022 साली तर तिन्ही दलांचे प्रमुख एन.डी.ए.चे एकाच तुकडीतले सोबती होते. छाती भरून येते हे खरेच. पण त्या तुकडीत इतरही शेकडो मुले होती, त्यांचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

शिडी अशी असते. लेफ्टनंटनंतर दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत नोकरी नीट केली आणि परीक्षा दिल्या की माणूस वर्षांच्या हिशेबाने चढतो. (2004 च्या डिसेंबरपूर्वी एवढेही नव्हते, लेफ्टनंट कर्नललाही निवड असे.) त्यापुढे कर्नल. तिथे निवड मंडळ बसते. साऱ्या नोकरीतले गोपनीय अहवाल त्यांच्यासमोर असतात आणि जागा मोजक्या. कर्नल म्हणजे एका पलटणीचा प्रमुख, आणि पलटणी काही अधिकाऱ्यांच्या संख्येइतक्या नसतात. मग ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, दर पायरीला निवड आणि दर पायरीला अनेकजण मागे राहतात. सज्जनगडाच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येकाला दर्शन मिळते, इथे तसे नाही. निवड न झालेल्याला नोकरीतून काढीत नाहीत. तो काम करीत राहतो, आणि सव्वीस वर्षे झाली की त्यालाही वर्षांच्या हिशेबाने कर्नल हे पद मिळते, पण पलटण मिळत नाही. कर्नल चौपन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. आपल्या घरात ज्या वयात मुलाचे कॉलेज आणि मुलीचे लग्न एकदम उभे राहते, नेमके ते वय.

आमच्या मुलाची निवड झाली नाही. एकदा नाही, तीनदा विचार झाला आणि तिन्ही वेळा नाही. काश्मीरात दोनदा राहिलेला, जवानांचा आवडता, अंगावर कसलाही ठपका नाही. का नाही झाली, हे त्यालाही कोणी सांगितले नाही आणि त्यानेही ते कधी मला उगाळू दिले नाही. त्याच्यामागून आलेला, त्याला "सर" म्हणणारा एकजण त्याचा वरिष्ठ होऊन आला. त्याला सलाम करायचा. त्याने केला. 2013 साली, एकवीस वर्षे पुरी करून, पेन्शन बसल्यावर, त्याने मुदतीआधी निवृत्ती मागून घेतली.

आणि मी काय केले? त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला कोणीतरी विचारले, तेव्हा मी म्हणाले, "एका मोठ्या कंपनीने अगदी मागेच लागून बोलावून घेतले हो." कंपनी खरी होती. मागे लागली नव्हती. त्यानेच चार ठिकाणी अर्ज केले होते. लष्कराकडून निवृत्तांसाठी चालतो तो सहा महिन्यांचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, बेचाळिसाव्या वर्षी, पोरांच्या बरोबरीने बसून त्याने केला, तेव्हा कुठे ती नोकरी लागली. त्यानंतर वर्षभर मी मंडळात आले नाही. गुडघे दुखतात असे कळविले होते. माझे गुडघे तेव्हा उत्तम होते. तुम्ही दोघी-तिघी मोहरीचे तेल घेऊन चौकशीला आला होतात, त्यांची आज मी क्षमा मागते.

हे त्याच्या कानावर गेले. रागावला नाही. जेवताना म्हणाला, "आई, निकाल कळला त्या संध्याकाळी मी रोजच्यासारखा जवानांच्या फुटबॉलला गेलो. त्यांना काहीच फरक पडला नव्हता. मला वाटलं होतं तुलाही पडणार नाही." त्यावर मला घास गिळेना. ह्यांनीच विषय बदलला, भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. भाजीत मीठ बरोबर होते.

या सगळ्यात जिचे नाव कोणी काढीत नाही, ती आमची सून. गणितात एम.एस्सी. आहे. लग्न झाले तेव्हा पुण्यात कायम होण्याच्या बेतात होती. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी बदली. नव्या गावी गेले की तिथल्या शाळेत हंगामी नोकरी, सहा शाळा झाल्या, एकीतही ती कायम झाली नाही. तो सरहद्दीवर असला की कुटुंबाने वेगळ्या ठिकाणच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मुलाच्या कांजिण्या, मुलीची दहावी, नळ फुटणे, सारे एकटीने. तिला पेन्शन नाही, पदक नाही. मुलगा परतला तेव्हा "याचे करिअर अर्धवट राहिले" म्हणून मी उसासे टाकीत होते, आणि जिचे सुरूच होऊ शकले नाही ती माझ्याच ताटात पोळी वाढीत होती. हे मला फार उशिरा दिसले. ती आता साताऱ्यात शिकवण्या घेते. आळीतल्या त्या मुलीचे गणित तीच पाहते, फी घेत नाही.

आता मुलींचे. 2021 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरच्या परीक्षेला मुली प्रथमच बसल्या. पहिल्या खेपेला जागा 19. 2022 साली त्या खडकवासल्याला गेल्या आणि 30 मे 2025 रोजी 17 जणी खेत्रपाल मैदानावरून संचलन करीत बाहेर पडल्या. ते मैदान ज्यांच्या नावाचे, ते अरुण खेत्रपाल 1971 च्या युद्धात एकविसाव्या वर्षी रणगाड्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले. मी ते संचलन टी.व्ही.वर पाहिले. मुली कुठल्या आणि मुलगे कुठले, हे टाचांच्या आवाजावरून ओळखू येत नव्हते.

तरीही त्या मुलीच्या आईला मी हेही सांगितले, की मुलींची शिडी अजून अरुंद आहे. तोफखान्यात 2023 पासून मुली आहेत, पण पायदळ आणि रणगाड्यांच्या पलटणी 2025 पर्यंत तरी त्यांना खुल्या झालेल्या नव्हत्या, आणि वरच्या जागांवर जातात ते बव्हंशी लढाऊ पलटणींतूनच. शिवाय शिकत असता जबर दुखापत झाली तर? तोवर मूल अधिकारी झालेले नसते, म्हणून माजी सैनिकाचे हक्क लागत नाहीत. अशी घरी परत आलेली मुले देशात आहेत. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय आपणहून हाती घेतला, त्यानंतर निदान त्यांच्या औषधोपचाराची सोय झाली. फॉर्मवर सही करणाऱ्या आईने हे वाचलेले असावे, एवढेच माझे म्हणणे.

एवढे सगळे ऐकून ती माउली गप्प बसली. मग म्हणाली, "काकू, मग तुम्ही पुन्हा पाठवाल का?" मी म्हटले, पाठवीन. मला आठवला तो फुटबॉलचा संध्याकाळचा प्रसंग नव्हे, तर आणखी एक. ह्यांच्या शेवटच्या आजारात, 2019 साली, आमच्या दाराशी एक उंच, पिकल्या मिशांचा मनुष्य उभा राहिला. जावळीच्या खोऱ्यातला, निवृत्त हवालदार. मुलगा मेजर असताना त्याच्या हाताखाली होता. तो आठ रात्री दवाखान्यात ह्यांच्या उशाशी बसला. त्याला माझा मुलगा पुढे काय झाला, कर्नल झाला की नाही, हे माहीतही नव्हते. विचारलेही नाही.

ज्यांच्या मुली-नातींना हे करायचे असेल त्यांनी आणखी दोन गोष्टी ऐकून ठेवा. मराठी मुले इंग्रजी बोलण्यात आणि मुलाखतीत मागे पडतात, म्हणून महाराष्ट्र सरकारने 1977 साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. मुलींसाठी तशीच संस्था 2023 पासून नाशिकला आहे. दहावीनंतर तिथे प्रवेश असतो, तेव्हा नववीतच चौकशी करावी. आणि मूल भोपाळहून परत आले, तर स्टेशनवर शेजाऱ्यांची काळजी करू नये. आधी त्याला चहा पाजावा.

त्या मुलीची लेखी परीक्षा झाली आहे आणि मुलाखतीचे पत्र आले आहे. तिची आई काल विचारीत होती, सोबत कोणाला पाठवायचे. सोबत न्यायची नसते, बाई. स्टेशनवर लष्कराची गाडी उभी असते, तिच्यात बसायचे. सुनेने तिला पेन्सिली तासून दिल्या आहेत आणि मी तहानलाडू-भूकलाडू करून ठेवले आहेत. परवा पहाटेची गाडी आहे. ज्यांना निरोप द्यायला यायचे असेल त्यांनी साडेचारला माझ्या दाराशी यावे.